तिथलंही दूध तापलेलंच आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मावशी, आमच्या लग्नाला या मे महिन्यात पंचवीस वर्षं झाली. लेक पुण्यात नोकरीला आहे. तिनं आम्हा दोघांसाठी बालीची सहल ठरवली, २५ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर. मी विमानतळसुद्धा आतून पाहिलेला नाही, त्यामुळे मला फार आनंद झाला. पण ह्यांनी मोबाईलवर बालीतले ज्वालामुखी पाहिले आणि म्हणाले, 'पैसे देऊन हलत्या भुईवर झोपायला कशाला जायचं? तुम्ही मायलेकी जा.' हे मूळचे लोहारा तालुक्यातले, आता लातूरच्या मोंढ्यात अडत दुकान आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात ह्यांची धाकटी बहीण आणि आजोबा गेले. तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. अजूनही दाराजवळच झोपतात. त्या रात्रीबद्दल पंचवीस वर्षांत दोनदाच बोलले. लेक म्हणते, 'दुधानं तोंड पोळलंय म्हणून बाबा ताकसुद्धा फुंकून पितात, तू मनावर घेऊ नको.' सहलवाला म्हणतो, तिथं काहीच होत नाही, काकांना ज्वालामुखीचं काही बोलू नका, थेट पहाटे डोंगरावर न्या, वर गेलं की भीती आपोआप जाते. तुम्ही आणि काका बालीला जाऊन आलात असं मागं एकदा लिहिलं होतं. ह्यांची समजूत कशी घालू? का मी लेकीबरोबर जाऊ?"

भाचीबाई,

पत्र वाचताना माझं बोट पहिल्यांदा तारखांवर थांबलं. २५ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर. म्हणजे ३० सप्टेंबरची, त्र्याण्णवच्या किल्लारी भूकंपाची पहाट बालीत उजाडणार. तुझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणत नाही. लेकीनं सुट्टी बघून तिकिटं काढली, घरात आनंद झाला, त्यात ते मागं पडलं असेल. पण जावईबापूंच्या लक्षात आलं नसेल हे मला खरं वाटत नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं ही वेळ ज्याच्या अंगात मुरली आहे, त्या माणसाला नेमक्या त्याच तारखेला परमुलखात ज्वालामुखीच्या अंगणात झोपायला सांगितलं जातंय. बाकी काही ठरो न ठरो, तारीख आधी बदला.

आता तो सहलवाला. त्याचं बोलणं घरात आणूच नकोस. तिथं काहीच होत नाही, हे धडधडीत खोटं आहे. बालीच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी ऑस्ट्रेलियाकडचं भूकवच या बेटांच्या खाली सरकत असतं. खोल गेलं की वरचा खडक वितळतो, तो रस वर येतो, म्हणून जावापासून पुढं बेटांबेटांवर ज्वालामुखींची रांग लागली आहे. भूकंपही त्याच सरकण्याचे. ५ ऑगस्ट २०१८ ला शेजारच्या लोंबोक बेटावर ६.९ रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला, पाचशेहून जास्त माणसं गेली, बालीही चांगलीच हलली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर बातूर ज्वालामुखीच्या परिसरातच एका छोट्या भूकंपानं दरडी कोसळल्या आणि त्यात जीव गेले. बालीतला सगळ्यात उंच डोंगर आगुंग, तीन हजार मीटरच्या वर. तो १९६३ साली फुटला तेव्हा हजाराहून जास्त माणसं मेली.

म्हणून लेकीला सांग, बाली हे ताक नाही. तिथलंही दूध तापलेलंच आहे. बाबा फुंकून पितात ते बरोबर करतात. त्यांच्या भीतीला वेड समजून तिची समजूत घालायला जाशील तर ते आणखी गप्प होतील. दोनदाच बोललेला माणूस तिसऱ्यांदा बोलणार नाही.

त्र्याण्णव साली मी अंबाजोगाईला शाळेत शिकवत होते. त्या पहाटे आमच्या फळीवरची भांडी धडाधड खाली आली. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. दोन दिवसांनी आम्ही काही बायका भाकरी-चटणी बांधून तिकडं गेलो. पाऊस लागला होता. मी तिथं काय पाहिलं ते इथं लिहीत नाही, जावईबापूंना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र तेव्हा मनात बसली ती बसलीच. माणसं मारली ती घरांनी. दगड-मातीच्या हातहात रुंद भिंती, त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार, आणि पडलं की छातीवर मणामणांचं ओझं. बावन्न गावं भुईसपाट झाली. तुझा नवरा पंचवीस वर्षं दाराजवळ झोपतो ते उगाच नाही.

हे इतकं खरं मान्य केल्यावरच पुढचं बोलता येईल. पुढचं असं, की ज्वालामुखी आणि किल्लारी यांत एक मोठा फरक आहे, आणि तो जावईबापूंना कुणी सांगितला नसेल. किल्लारीला आदल्या वर्षी छोटे धक्के बसले होते, पण त्यावरून मोठा कधी येणार हे कुणालाच सांगता आलं नाही. ज्वालामुखी बहुतेक वेळा आधी कुरकुर करतो. आतला रस वर सरकताना बारीक धक्के बसतात, वाफ वाढते, डोंगर फुगतो, आणि यंत्रांना ते कळतं. इंडोनेशियात प्रत्येक ज्वालामुखीला सरकारनं चार पायऱ्या लावल्या आहेत: नॉर्मल, वासपादा, सियागा, आवास. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आगुंगखाली धक्के वाढले तेव्हा आठवडाभरात पायऱ्या चढत चौथी पायरी जाहीर झाली. लाखाहून जास्त माणसं गुरंढोरं घेऊन खाली उतरली. महिनाभरानं पायरी उतरवली, आणि मग २१ नोव्हेंबरला डोंगर फुटला. राखेमुळं विमानतळ बंद पडला, हजारो प्रवासी अडकले, पण माणसं वाचली. मॅग्मा इंडोनेशिया नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यावर आज कोणता डोंगर कोणत्या पायरीवर आहे ते दिसतं. ते जावईबापूंच्या मोबाईलवर घालून दे. त्यांनी रोज बघू दे. बाजारभाव बघतात तसे ते हेही बघतील, आणि पायरी चढली तर 'नको' म्हणायचा हक्क त्यांचा. भूकंपाची मात्र तिथंही आगाऊ खबर मिळत नाही, हेही त्यांना तूच सांग. ते स्वतः शोधून काढणारच आहेत, आणि तेव्हा तुझ्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल.

आता पहाटेच्या डोंगराचं. यात मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बातूरवर सूर्योदय बघायला जातात ते असं. रात्री दीड-दोनला उबुद गावाहून गाडी निघते. चारच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी अंधारात विजेऱ्या लावून चढायला सुरुवात. दोन तासांची चढण, पायाखाली भुसभुशीत काळी खडी, एक पाऊल वर आणि अर्धं खाली. तुझ्या काकांचे गुडघे तेव्हाही बरे नव्हते. पैसे भरले होते, बायका-पोरं चढत होती, मी म्हटलं, चला हो, एवढ्या लांब आलो. अर्ध्यावर ते एका दगडावर बसले आणि म्हणाले, 'तू जा.' मी गेले. वाटाड्या पोरगा त्यांच्याजवळ थांबला, मी दुसऱ्या घोळक्यात मिसळून वर पोचले. वरून समोर आगुंग आणि त्याच्या मागून उजाडणारं आभाळ, खाली तळं, पायाशी दगडांच्या भेगांतून गरम वाफा. वाटाडे त्या वाफेवर अंडी उकडून देतात. फार सुंदर होतं. पण मी सारखी खाली अंधारात बघत होते. उतरल्यावर त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांचे हात गार पडले होते. त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. अजून ते आठवलं की मला वाईट वाटतं.

तुझ्या बाबतीत तर यात गुडघ्यांचाही प्रश्न नाही. चार वाजता, काळोखात, ज्वालामुखीवर. तो सहलवाला नेमकी तीच वेळ सुचवतोय. वर गेलं की भीती जाते म्हणणाऱ्याला त्र्याण्णवची पहाट माहीत नाही. जावईबापूंना त्या वेळी तिथं नेऊ नकोस. तुला स्वतःला चढायचं असेल तर दिवसाउजेडी चढ, आणि तेही त्यांनी मोकळ्या मनानं 'जा' म्हटलं तर.

दुसऱ्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही, आणि खरी बाली मला त्या दिवशी भेटली. बातूर हा डोंगरात डोंगर आहे. फार पूर्वीच्या मोठ्या उद्रेकांनंतर जुना डोंगर आत खचला, दहा-तेरा किलोमीटर रुंदीची कढई झाली, त्या कढईत आजचं शिखर आणि कोयत्यासारखं वळलेलं तळं. काठावर पेनेलोकन नावाचं गाव आहे, तिथल्या कठड्यावरून हे सगळं एका नजरेत दिसतं. गाडी थेट जाते, पायऱ्याही नाहीत. थंडी असते, स्वेटर ने. खाली तळ्याकाठी तोया बुंगकाहला गरम पाण्याचे झरे आहेत. काकांनी तासभर पाय सोडून बसून घेतलं, गुडघे निवले.

तिथं आम्हाला त्या काठावरच्या देवळाची गोष्ट कळली. ती जावईबापूंना माझ्या वतीनं सांग. बातूर गाव आधी खाली, डोंगराच्या पायथ्याशी होतं. १९१७ साली लाव्हा आला तो देवळाच्या दाराशी थांबला. लोकांनी ती देवीची कृपा मानली आणि तिथंच राहिले. १९२६ साली पुन्हा आला, आणि गाव व देऊळ दोन्ही गाडून गेला. माणसं वेळेत बाहेर पडली होती. मग त्यांनी देवीला घेऊन वर कढईच्या काठावर नवं गाव वसवलं. आज जिथं पुरा उलुन दानू बातूर हे मोठं मंदिर उभं आहे ते तेच. जुनं गाव सोडून नव्या गावठाणात राहायला गेलेल्या माणसाला यात काय ऐकू येईल ते मी सांगायची गरज नाही. आपल्याकडंही जुनं गाव आणि नवं गाव आहेच. त्या काठावर उभं राहून काळा लाव्हा बघताना मला बालीपेक्षा उमरगा-लोहाऱ्याकडचे रस्ते आठवत होते.

आणि आपली काळी रानंसुद्धा लाव्हाचीच आहेत गं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर वाहत आला, त्याचाच हा काळा पाषाण, आणि तो झिजून झालेली माती. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल भोक घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटर हाच काळा दगड लागला, मग कुठं खालचा जुनाट खडक. बातूरच्या तळ्याकाठी त्याच जातीचं कालपरवाचं रान दिसतं. बातूरच्याही १९६३ च्या लाव्ह्यावर अजून नीट गवत नाही, आणि पलीकडं तळ्याचं पाणी घेऊन कांदा, टोमॅटो, कोबी. शेतकऱ्याच्या पोराला ते रान बघायला आवडेल. मूठभर माती हातात घेतल्याशिवाय ते राहणार नाहीत.

त्यांना बघण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. बातूरच्या मंदिरातली देवी दानू ही तळ्याची देवी, पाण्याची मालकीण. डोंगर पाऊस पितो, पोटात धरून ठेवतो, खाली झऱ्यांतून सोडतो. ते पाणी डोंगरउतारावरच्या भाताच्या पायऱ्यांना वाटून देणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाला तिथं सुबक म्हणतात. हजारेक वर्षांची वहिवाट. कोणी कधी लावणी करायची, कोणाला किती दिवस पाणी, हे पाण्याच्या देवळात बसून ठरतं. सगळ्या शिवारात एकाच वेळी लावणी आणि एकाच वेळी पड, म्हणजे किडीलाही खायला काही उरत नाही. १९७० नंतर सरकारनं नव्या भाताच्या जाती आणल्या आणि जमेल तितक्या वेळा पीक घ्या म्हणून सांगितलं. मग प्रत्येक जण आपापल्या मनानं लावायला लागला. पाण्याची ओढाताण झाली, तुडतुडे माजले, शेवटी जुन्या वेळापत्रकाकडं वळावं लागलं. २०१२ साली युनेस्कोनं या सुबकला जागतिक वारसा म्हणून मान दिला. जातिलुविह गावाला गेलात की त्या पायऱ्या दिसतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या शहरानं पाहिलं, त्या शहरातल्या माणसाला तिथल्या पाटाच्या कडेला दोन तास बसवलं तरी सहल वसूल होईल. शिवाय तिथं टेम्पे म्हणून पदार्थ मिळतो. सोयाबीन उकडून, आंबवून त्याच्या वड्या पाडतात, तळून भाताबरोबर खातात. लातूरच्या मोंढ्यात इतकी वर्षं सोयाबीन पाहिलेल्या माणसाला त्याचं असंही काही होतं हे मजेचं वाटेल. तुझे काका रोज तेच मागवायचे.

आता झोपायचं कुठं, कारण सगळं घोडं तिथं अडलंय. हॉटेल जावईबापूंना निवडू दे. बालीत साधारण पंधरा मीटरच्या वर, म्हणजे नारळाच्या झाडापेक्षा उंच बांधायचं नाही असा दंडक आहे. पारंपरिक घर म्हणजे मोकळं अंगण आणि भोवती सुट्या सुट्या खोल्या, लाकडी खांब, वर गवताचं हलकं छप्पर. अशा अंगणाच्या घरांत पाहुण्यांना खोल्या देतात. उबुदकडं हव्या तेवढ्या आहेत, आणि ते समुद्रापासून आत, उंचावर आहे. लेकीनं किनाऱ्यावरचं तीन-चार मजली हॉटेल घेतलं असेल तर बदलून घे. तळमजला, अंगणात उघडणारं दार, हलकं छप्पर. पलंग दाराजवळ. विजेरी उशाशी, चपला पलंगाखाली. किनाऱ्यावर फिरताना बराच वेळ जमीन हलत राहिली तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट न बघता चढाच्या दिशेनं चालू लागायचं, हे दोघांनीही पाठ करून ठेवा. माझ्या अनुभवात घाबरलेल्या माणसाला 'घाबरू नका' यापेक्षा दार कुठं आहे हे कळलं की झोप लागते.

नवी तारीख धरताना तिथला पावसाळा नोव्हेंबर ते मार्च असतो हे लक्षात ठेव, म्हणजे आपल्या उलट. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे. दिवाळीची सुट्टी उशिरा असेल तर पावसात सापडाल. पाडव्याच्या आसपासही नको. आपल्या पैठणच्या शालिवाहनाच्या नावानं जो शक मोजतो, तोच शक बालीतले हिंदूही मोजतात, आणि त्यांचं नवं वर्ष बऱ्याचदा आपल्या पाडव्याच्या दिवशी किंवा मागंपुढं येतं. त्या दिवसाला न्येपी म्हणतात. चोवीस तास दिवे नाहीत, रस्त्यावर कोणी नाही, विमानतळसुद्धा बंद, पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. मला तो दिवस अनुभवायला आवडला असता, पण बाहेर पडायची वाट उघडी असल्याशिवाय ज्याला झोप येत नाही त्याच्यासाठी तो नाही. पुढच्या वर्षीचा मे धरलास तर लग्नाची तारीखही साधेल. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. विमानतळावरच मिळणारा व्हिसा माणशी ५ लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच-तीन हजार, आणि २०२४ पासून दीड लाख रुपियाचा पर्यटक कर. आकड्यांनी दचकू नकोस, तिथं चहासुद्धा हजारांत असतो. धपाटे मात्र बांधून ने, पहिले दोन दिवस ते लागतात.

हे सगळं सांगूनही जावईबापू 'नाही' म्हणाले तर? तर तू लेकीबरोबर जा. ते स्वतः म्हणालेत ना, जा म्हणून. पंचवीस वर्षं तू त्यांच्या दाराजवळच्या झोपेच्या शेजारी झोपलीस, रात्री कडी वाजली तरी त्यांच्या आधी उठलीस, हे पत्रात न लिहिताही कळतं. तुझी हौस खरी आहे, ती मारू नकोस. फक्त रुसून जाऊ नकोस, आणि तिकडून रोज व्हिडिओ कॉलवर डोंगर दाखवून 'बघा, काही झालं का?' असं म्हणू नकोस. त्यापेक्षा पाटाचं पाणी दाखव.

पण मला वाटतं ते येतील. त्यांनी 'बाली वाईट' असं म्हटलेलं नाही. 'हलत्या भुईवर झोपायला' म्हणाले. बघायला नको असं त्यांच्या तोंडून निघालेलं नाही.

सहलवाल्याला आजच फोन कर. सहल जितकी जवळ येईल तितके तारीख बदलायचे पैसे वाढतात. आणि ३० सप्टेंबरचं कारण लेकीला तूच सांग, एकटीला गाठून. तिला ते त्यांच्या तोंडून वदवायला लावू नकोस. त्या दिवशी ते दरवर्षी कुठं जातात ते मला माहीत नाही, पण या वर्षी त्यांच्याबरोबर जाऊ का, असं त्यांना विचारून बघ.

तुझी,
मावशी